फवारणी करणाऱ्या मजुराचे रक्षण : आपले कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी विद्वान वक्ते बोलून गेले. मी विद्वान नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या कापडाच्या पेढीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. असा माणूस शेतातील विषारी फवारणीविषयी काय सांगणार, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मी जे कापड विकतो ते कापसाचे असते, कापूस आपल्या या पश्चिम विदर्भाच्या काळ्या मातीत पिकतो, आणि तो पिकविण्यासाठी पाठीवर पंप घेऊन जो माणूस पऱ्हाटीत शिरतो त्याच्या श्रमावर माझी पेढी उभी आहे. त्या माणसाचे माझ्याकडे काही देणे राहिले आहे. तेच आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

आपण चातुर्मासाचा विचार करू. आषाढ ते कार्तिक हे चार महिने आपण विशेष सावधगिरीने जगतो. पाणी गाळून पितो, हिरव्या भाज्यांचा त्याग करतो, सूर्यास्तापूर्वी भोजन उरकतो, पाऊल टाकताना खाली पाहतो. पावसाळ्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती अधिक होते, म्हणून ही दक्षता. याच चार महिन्यांत, त्याच जीवोत्पत्तीमुळे, शिवारात फवारणीचा हंगाम शिखरावर असतो. आपण स्थानकात व मंदिरात पर्युषणाची आराधना करीत असतो तेव्हा गावापासून दोन कोसांवर कुणीतरी उघड्या पायांनी विषाच्या धुक्यातून चालत असतो. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, हे माझ्या ध्यानात येण्यास वयाची पन्नाशी उजाडावी लागली.

ते कसे ध्यानात आले, ते सांगतो. आमची वडिलोपार्जित बारा एकर कोरडवाहू शेती आहे. तिची व्यवस्था एका सालदाराकडे असे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वीचे भाद्रपदाचे दिवस. बोंडांवर अळी आली असल्याचा निरोप त्याने पाठविला. मी स्वतः कृषी केंद्रात गेलो. तेथील गृहस्थाने दोन बाटल्या समोर ठेवल्या आणि दोन्ही एकत्र मिसळून मारण्यास सांगितले. किती, कशी, किती वेळ, हे मी विचारले नाही व त्यांनी सांगितले नाही. बाटल्या पिशवीत घालून मी सालदाराच्या हाती दिल्या. त्या दिवशी लवकर आटोपावे म्हणून पंपाच्या हिशेबाने जादा मजुरी कबूल केली. माझ्या दृष्टीने व्यवहार संपला होता.

त्या सायंकाळी मी प्रतिक्रमणास बसलो असता त्याचा थोरला मुलगा धावत आला. घरी जाऊन पाहतो तो सालदार बाजेवर पडलेला, तोंडाला फेस, अंगाला घामाची धार, हातापायांना कंप. मला पाहून तो एवढेच म्हणाला, “शेठजी, डोळ्याईले अंधारी येऊन राहिली जी.” जीप करून त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “औषध कोणते? डबा आणला का?” डबा आणला नव्हता. मुलगा परत गावी गेला, तेव्हा कळले की एक बाटली धुऊन त्याच्या आईने रॉकेलसाठी ठेवली होती, आणि नवऱ्याचे भिजलेले कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर एकाच टोपल्यात धुतले होते. तिला कुणी काही सांगितलेच नव्हते.

नऊ दिवसांनी तो घरी आला. त्याचे आयुष्य बळकट, म्हणून वाचला. मात्र रुग्णालयात त्याच्या उशाशी ठेवलेला सदरा माझ्या डोळ्यांपुढून आजही हलत नाही. विरलेला, एक बाही अर्धी फाटलेली, पाठीवर गळक्या पंपाचा पिवळट डाग. माझ्या दुकानात त्या वेळी हजारो मीटर कापड रचून ठेवलेले होते. माझ्यासाठी विषाच्या धुक्यात जाणाऱ्या माणसाला पूर्ण बाह्यांचा एक धड सदरा द्यावा, हे मला सुचले नव्हते.

हा अपवाद असता तर आज व्यासपीठावर येऊन सांगितला नसता. २०१७ साली जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात काय घडले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, कित्येकांच्या दृष्टीवर परिणाम झाला. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. फवारा खाली पिकावर पडण्याऐवजी तोंडावर व छातीवर येत होता. हवा कोंदट, बोंडअळीचा प्रादुर्भाव मोठा, दोन-तीन औषधांचे मिश्रण, बारीक धुके सोडणारे यांत्रिक पंप, आणि अंगावर संरक्षण काहीही नाही. शासनाने विशेष चौकशी पथक नेमले, मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले, आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही जिल्ह्यांत ६० दिवसांची तात्पुरती बंदी घातली. त्या पाचांपैकी एक होते मोनोक्रोटोफॉस. २०१३ साली बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतील मध्यान्ह भोजनात तेच विष मिसळले जाऊन २३ बालके दगावली होती. भाजीपाल्यावर त्याचा वापर २००५ पासूनच निषिद्ध होता. त्याच्या ३६ टक्के तीव्रतेच्या द्रावणावरील बंदीचा केंद्र सरकारचा आदेश निघाला तो २०२३ मध्ये, आणि तोही साठा संपविण्यास एक वर्षाची मुदत देऊन.

आता हे विष शरीरात कसे जाते, ते समजून घेऊ. बहुतेकांची समजूत अशी की विष पोटात गेले तरच बाधते. फवारणी करणाऱ्याच्या बाबतीत मुख्य दरवाजा त्वचेचा आहे. तळहाताची त्वचा जाड असते. कपाळ, डोके, काख व जांघ येथील त्वचा विष कितीतरी अधिक वेगाने शोषते. पाठीवरच्या पंपात १६ लिटर द्रावण मावते. झाकण सैल असेल तर ते पाठीवरून कमरेपर्यंत ओघळते, आणि भिजलेला कपडा ते विष तासन्‌तास अंगाला लावून ठेवतो. मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे मज्जातंतूंचे कार्य नियंत्रित करणारे एक विकर निकामी करतात. मग डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी होते, दृष्टी अंधुक होते, लाळ व घाम सुटतो, उलट्या होतात, स्नायू फडफडतात, छाती भरून येते आणि अखेर श्वास थांबतो. यावर ॲट्रोपिन नावाचा उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला पाहिजे. म्हणून रुग्णाला प्रथम सावलीत आणावे, कपडे काढून साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे, धुणाऱ्याने हातमोजे वापरावेत, मनाने उलटी करवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि औषधाचा डबा वा त्यावरील चिठ्ठी डॉक्टरांकडे अवश्य न्यावी. मी ती नेली नव्हती.

डब्यावर एक चौकोनी चिन्ह असते. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्यामानाने सौम्य. लाल रंगाच्या डब्यावर कवटीचे चित्रही असते. अक्षर न येणाऱ्यालाही कळावी म्हणून केलेली ही सोय आहे. परंतु आपल्या बोलीत या सर्वांना एकच नाव, ‘औषध’. औषध म्हटले की भीती जाते. निदान आपण, जे विकत आणून मजुराच्या हाती देतो, त्यांनी तरी देताना त्याला विष म्हणावे.

कायदा नाही, असे मुळीच नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले पीठ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेनंतर झालेल्या विचारातून १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ ची नियमावली आली. नियमावलीतील नियम ३९ मी वाचला तेव्हा चकित झालो, कारण तो चक्क कापडाचा नियम आहे. कीटकनाशक हाताळणाऱ्यास, मग तो कारखान्यात असो वा शेतात, योग्य वस्त्रांचे संरक्षण असावे. ते कापड विषाला आत शिरू न देणारे आणि धुता येण्याजोगे असावे. अंगरखा व टोपी, मनगट ते कोपर या भागाच्या अर्ध्यापर्यंत येणारे रबरी हातमोजे, धूळ रोखणारा चष्मा आणि बूट, असा संपूर्ण पोशाख त्यात सांगितला आहे. श्वसनाच्या साधनांचा, प्रथमोपचाराचा व मजुरांच्या प्रशिक्षणाचा स्वतंत्र नियम आहे. रिकामी बाटली पुन्हा वापरात येऊ नये म्हणून ती फोडून वस्तीपासून दूर पुरावी, असाही नियम आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ हे सारे लिहिलेले आहे. माझ्या सालदाराच्या घरात बाटली धुऊन ठेवली गेली तेव्हाही ते लिहिलेलेच होते.

आता माझ्या व्यवसायाच्या अंगाने दोन शब्द. सुती कापड द्रव शोषून घेते, हा त्याचा गुण. फवारणीत तोच दोष ठरतो. तोंडाला बांधलेला रुमाल विषाने ओला झाला की संरक्षण न राहता विषाची पट्टी होतो. पातळ केंब्रिक वा पॉपलीनपेक्षा दाट विणीचे ड्रिल अधिक रोखते, पण तेही भिजेपर्यंतच. म्हणून पूर्ण बाह्यांच्या जाड सुती सदरा-पायजम्यावर पुढून व पाठीवरून प्लास्टिकचे आवरण हवे. कपड्याला खळ दिलेली असेल तर विषाचा काही अंश खळीतच अडकतो व धुताना तिच्याबरोबर निघून जातो. हे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता, हातमोजे घालून, गरम पाण्यात साबणाने वेगळे धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. या क्षेत्रात आपल्या देशात नवे कार्यही झाले आहे. बंगळूरच्या एका केंद्रीय जैवविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी एका उद्योगाच्या सहकार्याने ‘किसान कवच’ नावाचा पोशाख तयार केला व तो डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीत सादर झाला. त्याचे कापड अंगावर पडलेल्या कीटकनाशकाचे रासायनिक विघटन करून त्याची बाधकता घालविते. तो धुऊन पुन्हा वापरता येतो. त्याची किंमत त्या वेळी ४,००० रुपये सांगण्यात आली. कापडाच्या व्यापारात इतकी वर्षे काढल्यावर कापडाचा असा उपयोग पाहून मला धन्य वाटले.

पण नुसते कपडे दिले की जबाबदारी संपली, असे कुणी समजू नये. सप्टेंबरच्या उकाड्यात, चिखलात, पाठीवर १६ लिटरचे ओझे घेऊन रबरी मोजे व प्लास्टिक घालून दिवसभर चालणे किती अवघड आहे, ते आपण एक तास तरी करून पाहावे. मी पाहिले. अर्ध्या तासात चष्मा काढावा लागला. मजूर ती साधने अंगावरून काढून टाकतो तेव्हा आपण त्याला निष्काळजी ठरवून मोकळे होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आचारसंहितेत म्हटले आहे की ज्या कीटकनाशकासाठी त्रासदायक, महाग वा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ते उष्ण प्रदेशातील लहान शेतकऱ्यांनी व मजुरांनी वापरणे टाळावे. म्हणजे पहिला निर्णय मजुराचा नाही. कोणते विष आणायचे, मुळात आणायचे की नाही, किती तास फवारायचे आणि मजुरी कशी द्यायची, हे मालक ठरवितो. पंपाच्या हिशेबाने मजुरी दिली की मजूर घाई करतो, वारा पाहत नाही, हात धुण्यास थांबत नाही. त्या दिवशी जादा मजुरीचे आमिष मीच दाखविले होते.

आपल्या श्रावकाचारात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणी पाठशाळेत ही नावे मी पाठ केली होती. अतिभारारोपण म्हणजे बैलावर जास्त ओझे लादू नये, एवढाच अर्थ मला ठाऊक होता. गळका पंप माणसाच्या पाठीवर देणे, त्याच्यासाठी बांधावर हात धुण्यास व पिण्यास स्वच्छ पाण्याचा एक माठही न ठेवणे, हे त्यांतच येते, असे आता वाटते. हिंसेच्या आपल्या व्याख्येत प्रमादाला मध्यवर्ती स्थान आहे. मी सालदाराचे वाईट चिंतिले नव्हते. मी फक्त विचारले नाही, पाहिले नाही. त्यालाच प्रमाद म्हणतात.

आणखी एक गोष्ट संकोचाने बोलतो. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा उल्लेख आहे. आपल्यापैकी काही बंधू कृषी केंद्र चालवितात. त्यांना दोष देण्यासाठी मी उभा नाही. तसा दोष द्यायचा तर कापूस, सरकी आणि कापड यांचा व्यापार करणारे आम्ही सारे त्याच साखळीत आहोत. माझी विनंती एवढीच की गिऱ्हाइकाला बाटली देताना तिच्यावरील रंग दाखवा, मात्रा सांगा, शिफारस नसलेले मिश्रण सुचवू नका, पावती द्या, आणि लाल चिन्हाची बाटली शक्यतो दुकानात ठेवूच नका. आपल्या गल्ल्यात थोडे कमी येईल. ती उणीव सोसण्याचे सामर्थ्य आपल्या समाजात आहे.

शासनाच्या साहाय्यातही एक फट आहे. महाराष्ट्र शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना होणाऱ्या विषबाधेचा समावेश आहे. पण ही योजना सातबारावर नाव असलेला शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी आहे. ज्याचे नाव कोणत्याच सातबारावर नाही, तो भूमिहीन फवारणी मजूर तिच्यात बसत नाही. त्याचा विमा कोण उतरविणार? ज्याच्या शेतात तो विष फवारतो, त्यानेच उतरवावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

यास्तव सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टपुढे मी काही सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, ज्यांच्याकडे शेती आहे अशा प्रत्येक कुटुंबाने आपल्या शेतात लाल व पिवळ्या चिन्हाचे औषध न वापरण्याचा नियम घ्यावा, आणि निंबोळी अर्क, कामगंध सापळे व मित्रकीटकांचा आधी अवलंब करावा. बोंडअळी आटोक्यात ठेवण्यासाठी कृषी खातेही हे उपाय सांगते, आणि जीवहिंसाही त्यात कमी आहे. दुसरी, फवारणीची मजुरी पंपावर न देता दिवसावर द्यावी. काम सकाळी वा सायंकाळी, वाऱ्याच्या दिशेने पाठ करून व्हावे आणि एका माणसाला सलग दिवस हे काम देऊ नये. अल्पवयीन मुले, गर्भवती व स्तनदा माता यांना त्या शेतात पाऊलही टाकू देऊ नये. तिसरी, पंप हंगामापूर्वी दुरुस्त करून घ्यावा, बांधावर पाणी व साबण ठेवावा. चौथी, आषाढात चातुर्मास सुरू होण्यापूर्वी ट्रस्टतर्फे तालुक्यातील फवारणी मजुरांना संरक्षक पोशाखाचे संच द्यावेत आणि त्यांच्या घरातील भगिनींना कपडे धुण्याची व बाटली नष्ट करण्याची माहिती द्यावी. या संचातील सुती सदरा-पायजम्याचे कापड पहिल्या वर्षी माझ्या पेढीकडून विनामूल्य येईल. शिलाईचा भार समाजातील इतर बंधूंनी उचलावा.

गेल्या पन्नास वर्षांत या ट्रस्टने जनावरांसाठी चारा दिला, पाखरांसाठी दाणे टाकले, उन्हाळ्यात पाणपोया चालविल्या. जीवदयेची ही परंपरा आपल्या अभिमानाचा विषय आहे. तिच्या यादीत फवारणी करणाऱ्या माणसाचे नाव अजून लिहिले गेले नाही. ते या वर्षी लिहावे.

माझ्या सालदाराविषयी सांगून थांबतो. बरा झाल्यावर तो पुन्हा कामावर आला. आल्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, “शेठजी, काम कोणतंही सांगा, पण पंप नका देऊ जी.” त्या वर्षीच्या संवत्सरीला मी नातलग, व्यापारी, शेजारी अशा सर्वांकडे जाऊन क्षमायाचना केली होती. त्याच्या घरी गेलो नव्हतो. पुढच्या संवत्सरीला प्रथम त्याच्याकडे गेलो आणि हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हटले. त्याला शब्द कळले नाहीत. त्याने मला बसायला बाज टाकली आणि पाणी दिले. आज तो आपल्या मुलाजवळ राहतो, त्याची एका डोळ्याची दृष्टी मंद आहे, आणि आमच्या शेतात पाठीवर पंप घेऊन कुणी जात असेल तर मी त्या दिवशी दुकान उशिरा उघडून बांधावर उभा राहतो.